कोसमटोल्याचं बोरिंग

सालेकशाहून पुढे जंगलाकडे वळलं की रेल्वे रुळाच्या अलीकडे, सागाच्या रोपवनाला पाठ टेकून कोसमटोला वसला आहे. गोंडांची घरं, कुडाच्या भिंती, अंगणात मोहाची एकदोन झाडं. शाळा, किराणा, नर्सबाईंची खोली, सगळं मोठ्या गावात, म्हणजे रुळाच्या पलीकडे. टोल्याचं, म्हणजे या छोट्या वस्तीचं, स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, बोरिंग. हापशीला इकडे बोरिंगच म्हणतात. उईक्यांच्या घरासमोरच ते होतं, त्यामुळे त्यांच्या पोरीचं, रुचिकाचं, लहानपण त्याच्या दांड्याच्या कुरकुरीत गेलं.

तिचा बाप लालसिंग वनमजूर. बोरिंगचं पाणी बारीक झालं की तोच सायकल काढून सालेकशाला जायचा आणि नवे वायसर आणायचा. काळ्या रबराची, छोट्या वाटीसारखी ती वस्तू. पाइपाच्या तळाशी पितळेच्या नळीत दट्ट्या वरखाली होतो, त्याच्या अंगाला हा वायसर बसतो आणि पाणी वर ओढतो. टोल्याच्या पाण्यात वाळूचा बारीक, टोकदार चुरा फार. त्यामुळे वायसराच्या कडा लवकर झिजायच्या, दांडा हलका लागायचा आणि हापसून हापसून बायांचे खांदे भरून यायचे. पाइप उपसायला चार माणसं लागायची. झिजलेले वायसर पोरांच्या वाट्याला येत. रुचिका त्यांची चूल-भांडी मांडायची.

ती शिकत गेली. आश्रमशाळा, मग गोंदियाचं वसतिगृह, मग इंजिनिअरिंग. मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटीच मुलगी. एका पुस्तकात घर्षण, झीज आणि वंगण यांवरचा धडा आला, तेव्हा वर्गातली बाकीची पोरं जांभया देत होती आणि हिला वाटलं, हे तर आपल्या अंगणातलं आहे. दोन वस्तू एकमेकींवर घासतात, मध्ये पाणी असतं, पाण्यात वाळू असते, आणि काहीतरी संपत जातं. लालसिंग पोरीची डिग्री बघायला राहिला नाही. ती शेवटच्या वर्षाला असताना तो तापाने गेला.

पुढे तिने एम.टेक. केलं, गोंदियाच्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागली आणि पीएच.डी.साठी विषय घेतला तो हाच: वाळूमिश्रित पाण्यात हातपंपाच्या वायसरची झीज. तिचे मार्गदर्शक चंद्रकुमार रहांगडाले सर, तिरोड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातून आलेले. त्यांनी विषय ऐकून चष्मा काढला होता. "बेटा, इस पे कोई विदेश नहीं बुलाएगा," ते म्हणाले, आणि मग मराठीत, "पण कर. कोणीतरी करायलाच पाहिजे."

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका कोपऱ्यात तिने यंत्र उभं केलं. फिरणारी स्टीलची चकती, तिच्यावर दाबून धरलेला वायसरचा तुकडा आणि वरून ठिबकणारं वाळूचं पाणी. वाळू ती गोंदियातून चाळून, धुऊन आणायची. प्रत्येक फेरीनंतर तुकडा सुकवून काट्यावर तोलायचा, किती घटला ते मांडायचं. किती तरी प्रकार तिने करून पाहिले. साधं रबर, चामडं, नायलॉन. शेवटी एका कंपनीकडून मागवलेल्या चिवट प्लास्टिकचा तुकडा लागला आणि काटा हलेनाच. रबर जिथे निम्मं उडायचं तिथे याची धार कोरी. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या दिवशी ती वर्कशॉपच्या पायरीवर बसून एकटीच हसत राहिली. शिपाई विचारायला आला, मॅडम, तब्येत बरी आहे ना?

वायसर साच्यात ओतून घेतले, आणि ते कुठे लावून बघायचे हा प्रश्न तिला पडलाच नाही.

धान कापून झालं होतं तेव्हा ती टोल्यात गेली. बोरिंगजवळच माणसं जमली. टोल्यात शब्द चालायचा तो सुकराम काकांचा. सारं आयुष्य जंगलाच्या कामात गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी वायसर बोटांत दाबून पाहिला.

"लय कडक आहे व," ते म्हणाले.

"कडक आहे म्हणूनच टिकते, काका. मी यंत्रावर घासून पायलं. एकदा बसवला का वर्षानुवर्ष काढायचं काम नाही."

"अन् नाही जमलं तं? आमचं एकच बोरिंग आहे, बाई. दुसरं नाही."

रुचिका उत्तर द्यायच्या आत तिची आई पुढे झाली. भागीरथा एरवी माणसांच्या बैठकीत तोंड उघडायची नाही. "माया पोरीनं इतकी वर्षं कायले घालवली मंग?" ती म्हणाली. "बापानं सायकली घासल्या ह्या वायसरासाठी. पोरगी हातात आणून देऊन रायली तं तुमी काऊन भेता?"

काकांनी वायसर रुचिकाच्या हातात परत ठेवला आणि बसवा म्हणाले. रुचिकाच्या भावाने, रूपेशने आणि तिघा-चौघांनी मिळून पाइप उपसले आणि नवा वायसर बसवला. दांडा पहिल्यांदा काही वेळा हापसताच पाण्याची जाड धार आली. बाया गुंड, म्हणजे घागरी, घेऊन हसत पुढे झाल्या.

हिवाळा चांगला गेला. आईचा फोन आला की पहिलं वाक्य बोरिंगचंच असायचं. पाणी एका दमात येते, पोरंसोरंही हापसतात, मोठ्या गावची माणसं पाहून गेली. रुचिकाने त्यावर लेख लिहिला, तो छापायला घेतला गेला. सरांनी सगळ्या स्टाफला समोसे खाऊ घातले. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि मार्चमध्ये सादर करायचं ठरत होतं. रूपेशची बायको चंचल हिला दिवस गेले होते. तिचं पहिलंच. भागीरथाने मोहाच्या झाडाची पाळण्यासाठी फांदी हेरून ठेवली होती. सगळं एकदम चांगलं चाललं होतं, इतकं की रुचिकाला तशी सवयच नव्हती.

होळीनंतर आईचा फोन आला. "रुची, पाणी कमी येऊन रायलं व."

"उन्हाळा लागला, माय. पाण्याची पातळी खाली गेली असंल."

"असंल. पण दांडा जड लागते. दरसाल हलका लागे, औंदा जड लागते."

इथे रुचिकाने थांबायला हवं होतं. दांडा हलका लागणं म्हणजे वायसर झिजलाय, जड लागणं म्हणजे दुसरंच काही. हे तिला कळत होतं. पण टेबलावर प्रबंधाची पानं पसरली होती, परीक्षेचे पेपर तपासायचे होते, आणि वायसर झिजलेला असणं शक्यच नव्हतं. काटा खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "येतो मी पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात ती गेली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

एका दुपारी दांडा मध्येच अडकला. खाली जाईना, वर येईना. बायांनी हाका मारल्या, दोन दणकट पोरं आली आणि दांड्याला लोंबकळली. आतून कडक आवाज आला आणि दांडा मेल्यासारखा खाली पडला. आतली सळई तुटली होती.

रुचिका मिळेल त्या गाडीने आली. दुरुस्तीची सरकारी गाडी दुसऱ्या टोकाच्या गावांमध्ये अडकली होती, उन्हाळ्यात सगळीकडेच बोरिंगं बसतात. तिने स्वतः पाने, पाइप धरायचे चिमटे गोळा केले, रूपेशला तो कामाला होता त्या मिलमधून सुटी घ्यायला लावून बोलावलं आणि पाइप वर ओढायला सुरुवात केली. टोल्यातली माणसं भोवती उभी होती. ऊन असं की लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. शेवटचा पाइप वर आला, त्याच्या तळाला नळीचं सिलिंडर. तिने ते मांडीवर घेऊन खोललं.

वायसर जसाच्या तसा होता. तिने सांगितलं होतं तसाच, काठ कोरा, एक ओरखडा नाही. पण त्याच्या अंगावर बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. वाळूचे बारीक कण त्या प्लास्टिकमध्ये रुतून बसले होते, पॉलिश पेपरवर असतात तसे. आणि आतली पितळेची नळी संपली होती. एका अंगाने ती कागदासारखी पातळ झाली होती, मग फाटली होती, आणि फाटलेली पट्टी गोळा होऊन दट्ट्याखाली अडकली होती.

रुचिका ते बघत राहिली. साधा रबरी वायसर स्वतः झिजून जायचा आणि नळीला वाचवायचा. लालसिंग दरवर्षी जो आणायचा तो. तिच्या वायसरने स्वतःला राखलं आणि नळी खाल्ली. यंत्रावर हे तिला दिसलं नाही, कारण तिथे तिने खाली स्टीलची चकती लावली होती, धुतलेली गुळगुळीत वाळू वापरली होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिने फक्त वायसर तोलला होता. ज्याच्यावर तो घासत होता ते तिने कधी तोललंच नाही.

"काय झालं व?" सुकराम काकांनी विचारलं.

तिने सिलिंडर त्यांच्यासमोर धरलं. "मायामुळं झालं, काका. माया वायसरानं नळी खाल्ली."

काकांनी नळीत बोट घालून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "आता पाण्याचं काय?"

"नवी नळी आणतो. उद्याच गोंदियावरून आणतो."

तोवर पाणी रुळाच्या पलीकडून. रेल्वेचा भराव तिथे उंच आहे. दोन्ही बाजूंनी सैल गिट्टी, म्हणजे रुळांची खडी. बाया डोक्यावर गुंड घेऊन तो चढायच्या, रूळ ओलांडायच्या, मोठ्या गावच्या विहिरीवर रांग लावायच्या आणि भरलेल्या गुंडांनी तीच गिट्टी पुन्हा उतरायच्या. मालगाडी उभी असली तर ती सरकेपर्यंत उन्हात थांबायचं. भागीरथाने सुनेला बजावलं होतं की तू भरावाकडे जायचं नाही, मी आणतो. पण सासूच्या एकटीच्या पाण्यात घर, गाय आणि दोन बकऱ्या कशा भागणार? चंचल अंगाने आटोपशीर, कामाला चपळ, कोणाचं ऐकून बसणारी नव्हती. सासू झोपडीच्या मागे असताना ती गुंड घेऊन निघाली.

रुचिका तेव्हा गोंदियाच्या बाजारात होती. एका दुकानात मिळालं नाही, दुसऱ्यात होतं ते मापाचं नव्हतं, शेवटी एका जुन्या पंपवाल्याकडे बसेल असं सिलिंडर मिळालं. ते कापडी पिशवीत घालून ती ऑटोत बसली आणि रूपेशचा फोन आला. तो धड बोलत नव्हता. चंचल गिट्टीवरून घसरली. भरलेल्या गुंडासकट. तिला ॲम्ब्युलन्सने गोंदियालाच आणून राहिले.

दवाखान्याच्या फाटकात ती पिशवी घेऊन उभी राहिली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा चंचलचं लुगडं भिजलेलं होतं, आणि ते नुसत्या पाण्याने नव्हतं. डॉक्टरांनी लगेच आत नेलं. बाळ वेळेच्या फार आधी जन्मलं, मुलगी. काचपेटीत ठेवली. रुचिकाने एकदा लांबून पाहिली. हात सापडेनात एवढी ती लहान होती.

रूपेश भिंतीला टेकून खाली बसला होता. ती जवळ गेली तर त्याने मान वर केली नाही. "तू शिकली," तो म्हणाला. "आमी सगळे तुया मागं उभे रायलो. बैठकीत माय बोलली, मी पाइप उपसले. आता तू घरी जा, रुची. इथं बसू नोको. तू दिसली का मले काही सुचत नाही."

"रूपेश, मी..."

"जा म्हणतो ना."

ती वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथे रहांगडाले सर आले. कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं. सोबत त्यांनी डब्यात भात-वरण आणलं होतं, ते तिने उघडलं नाही. तिने त्यांना सगळं सांगितलं, नळीचं, वाळूचं, तोलण्याचं.

"बेटा," ते म्हणाले, "आत्ता ही वेळ नाही, पण मी बोलतो, कारण तू उद्या काहीतरी करून बसशील. प्रबंधात गावातला प्रयोग घालायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? लॅबचं काम पुरेसं आहे. लॅबचे आकडे खोटे आहेत का?"

"नाही सर. खोटे नाहीत."

"मग?"

"अर्धे आहेत."

"दुनिया में सबका अधूरा ही है," सर म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. ते वाईट माणूस नव्हते. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि ही पोरगी डॉक्टर झालेली त्यांना बघायची होती. "सहा-सात वर्षं घातलीस तू. बाप गेला, लग्न केलं नाहीस. हे सगळं एका नळीपायी टाकणार?"

"सर, ते वाचून कोणी दुसऱ्या टोल्यात हा वायसर बसवला तर?"

सरांनी डबा तिच्याजवळ सरकवला आणि उठले. जाताना डोक्यावर हात ठेवला.

काचपेटीपाशी तिला कोणी येऊ देत नव्हतं, चंचल कोणाशी बोलत नव्हती, आणि पिशवीत ते सिलिंडर होतं. तिला एकच करण्यासारखं उरलं होतं. सकाळच्या गाडीने ती टोल्यात गेली. सुकराम काकांनी माणसं जमवली. कोणी तिच्याकडे नीट पाहत नव्हतं, पण पाणी सगळ्यांनाच हवं होतं. नव्या सिलिंडरला साधा रबरी वायसर लावला, सालेकशाच्या दुकानातलाच. एकेक पाइप जोडून आत सोडायला सुरुवात झाली.

पाइप जुने होते. त्यांच्या चुड्या, म्हणजे जोडाचे आटे, गंजलेल्या, पुन्हा पुन्हा उघडून झिजलेल्या. रुचिका प्रत्येक चुडी हाताने चाचपत होती, ताग गुंडाळत होती, पाना स्वतः आवळत होती. काम अर्ध्यावर आलं. तेव्हा चिमट्याखालच्या जोडात काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिने ओरडून हात पुढे केला. रूपेशच्या जागी उभ्या असलेल्या चुलत भावाने पाइपाला मिठी मारली, पण तो वजनाने ओढला जायला लागला तसं काकांनी त्याला मागे खेचलं. जोडलेले सगळे पाइप सिलिंडरसकट खाली कोसळले. खाली आदळल्याचा आवाज जमिनीच्या पोटातून आला.

तिने नंतर जे केलं ते टोल्यातल्या कोणी विसरलं नाही. ती पोटावर पडली आणि बोरच्या तोंडात हात घालून खांद्यापर्यंत चाचपत राहिली, जसा काही पाइप हाताशी लागणार होता. मग तार मागितली, तारेला आकडा केला आणि आत सोडला. आकडा कशाला तरी लागायचा, ती ओढायची, तो सुटायचा. ऊन डोक्यावर आलं, हाताची साल निघाली, तरी ती थांबेना. कोणीतरी म्हटलं, "बाई, आता ऱ्हाऊ दे." तिने ऐकलं नाही. सुकराम काका जवळ येऊन बसले. त्यांनी तिच्या हातातून तार काढून घेतली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. दुपट्टा डोक्याला बांधून ते उठले. बायांनी आपापले गुंड उचलले आणि रुळाच्या दिशेने निघाल्या. भागीरथाही त्यांच्यात होती. जाताना ती पोरीजवळ थांबली, पदराने तिच्या हाताचं रक्त टिपलं आणि पुढे गेली.

रुचिका एकटीच बोरिंगजवळ बसून राहिली. घरासमोरची ती जागा, जिथे तिने चूल-भांडी मांडली होती, तिथे आता एक भोक होतं आणि त्यात लोखंड अडकलं होतं. मरावंसं वाटणं म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळलं. भराव समोरच होता. रुळावरून मालगाडी गेली, ती डबे मोजल्यासारखी बघत राहिली. मग भागीरथा परत येताना दिसली, डोक्यावर गुंड, एका हाताने गुडघा दाबत गिट्टी उतरत होती. रुचिका उठली, धावत गेली आणि गुंड घेतला. त्याच्यापुढे तिने विचार केला नाही.

दुसऱ्या सकाळी रूपेशचा फोन आला. पोरगी गेली होती.

तिला टोल्यातच पुरलं. चंचल दवाखान्यातून आली तेव्हा तिच्या छातीला दूध आलं होतं. भागीरथा दूध आटावं म्हणून कोबीची पानं बांधायची आणि चंचल भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रुचिका तिच्यासाठी पाणी आणायची. चंचल ते प्यायची, पण दिलेल्या हाताकडे बघायची नाही. सगळ्या उन्हाळ्याच्या सुटीत रुचिकाने रुळापलीकडून पाणी आणलं, आपल्या घराचं आणि ज्यांच्या घरी कोणी चढू शकत नव्हतं त्यांचंही. बाया तिला वाट द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. एकदा रांगेत एकीने दुसरीला म्हटलेलं तिने ऐकलं, "शिकलेली आहे, म्हणून इतकं झालं." ती आपला गुंड भरून भरावाकडे वळली.

पावसाळा लागला तशी ती कॉलेजात परतली. सरांना सांगितलं की प्रबंध या वर्षी देत नाही. त्यांनी वाद घातला नाही, फक्त मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. तिने यंत्र खोललं. स्टीलची चकती काढून पितळेची बसवली. कोसमटोल्याच्या मातीतून पोत्यात भरून आणलेला चुरा न धुता वापरला. आणि या वेळी प्रत्येक फेरीनंतर दोन्ही तोलले, वायसरही आणि पितळही.

जे हाती आलं ते तिला आधीच माहीत होतं, तरी तिने प्रत्येक आकडा पुन्हा तपासला. तिचा वायसर पितळेला सगळ्यात जास्त खात होता. सगळ्यात कमी खात होता तो बाजारातला साधा, लवकर झिजणारा, स्वस्त रबरी वायसर. म्हणजे जी गोष्ट सुधारायला ती निघाली होती तिच्यात सुधारण्यासारखं फारसं नव्हतंच. ती वेळच्या वेळी बदलत राहणं एवढंच काम होतं, जे लालसिंग सायकलवरून करायचा. तिने हेच लिहिलं. गावातला प्रयोग लिहिला, बोर बंद पडल्याचं लिहिलं. बाळाचं लिहिलं नाही. ते लिहायला प्रबंधात जागा नसते.

आधीच्या लेखातली चूक दाखवणारं टिपणही तिने मासिकाला पाठवलं. ते छापलं गेलं की नाही याची चौकशी तिने केली नाही. सर निवृत्त झाले. नव्या मार्गदर्शकांना तिच्या कामात काही रस नव्हता. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला, आणखी प्रयोग करा म्हणून. ती करते आहे. तिच्या नावापुढे अजून डॉक्टर लागलेलं नाही.

टोल्याला नवं बोरिंग मिळालं, सुकराम काकांच्या घराकडच्या टोकाला. ते खणलं त्या दिवशी रुचिका गेली होती. पाणी लागलं तेव्हा सगळे ओरडले, तीही. मग ती पुढे होऊन चुड्यांना ताग गुंडाळू लागली, तर काकांनी हलकेच हात आडवा केला.

"आमच्या बोरिंगले आता हात नोको लावू, बाई," ते म्हणाले. "राग नाही. पण भेव वाटते."

ती मागे सरली आणि बायांमध्ये जाऊन उभी राहिली. वायसर आता रूपेश आणतो, बदलतोही तोच. बहिणीला त्यातलं काही विचारत नाही.

गेल्या मोहाच्या दिवसांत ती घरी गेली होती. पहाटे उईक्यांच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तो उन्हं चढायच्या आत वेचावा लागतो. भागीरथाचे गुडघे दुखत होते, म्हणून चंचल आणि रुचिका दोघीच टोपल्या घेऊन गेल्या. चंचलला पुन्हा दिवस गेले होते. ती हळूहळू, एका हाताने कंबर धरून वेचत होती. बराच वेळ नुसता फुलं टोपलीत पडण्याचा आवाज.

"ताई," चंचल म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "तुया वायसरानं नाही पाडलं मले. गिट्टी सरकली, माया पाय गेला. मायनं नाही म्हटलं होतं, तरी मी गेली. मले मालूम आहे."

रुचिकाने टोपली खाली ठेवली. "चंचल..."

"बोलू दे मले. तुयावर राग नाही. पण तू दिसली का मले थे काचपेटी दिसते. म्हणून नाही बोलत मी तुयाशी. अन् आता हे होईपर्यंत," तिने पोटावर हात ठेवला, "तू येऊ नोको. झाल्यावर ये."

"बरं," रुचिका म्हणाली.

चंचलने टोपली उचलली आणि झाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. उन्हं यायला अजून थोडा वेळ होता. दोघी दोन बाजूंनी वेचत राहिल्या.